अर्धवट गाठीचा हिशेब



महिन्याच्या अखेरच्या दिवशीं सायंकाळीं एखाद्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांत जाऊन उभें राहिलें, तर माल तीन अवस्थांत दृष्टीस पडतो. उघड्या आवारांत कापसाच्या गंजी असतात. तो कापूस काट्यावरून आलेला, त्याचें वजन आणि त्याची किंमत वहींत लिहिलेली. दुसऱ्या टोकास गोदामांत गाठी रचलेल्या असतात. त्या मोजतां येतात. आणि या दोहोंच्या मध्यें, जिनांच्या पलीकडील दालनांत, रुईचा उंच पांढरा ढीग असतो. त्यांतील सरकी निघाली आहे, पण गाठ बांधलेली नाहीं. हा ढीग कापूसही नव्हे आणि गाठही नव्हे. कारखान्याच्या हिशेबांत जे घोटाळे होतात त्यांपैकीं पुष्कळसे या मधल्या ढिगांत दडलेले असतात, आणि आज मला बोलावयाचें आहे तें त्याच्याचविषयीं.

विषय रूक्ष आहे हें मी जाणून आहें. हिशेबाच्या शास्त्रांत त्यास प्रक्रियावार उत्पादनखर्च असें म्हणतात, आणि तो काढण्याच्या ज्या रीती आहेत त्यांपैकीं भारित सरासरीची रीत आपल्यापुढें मांडण्याचा माझा विचार आहे. भारतांत या शास्त्राची स्वतंत्र संस्था १९४४ सालीं कलकत्त्यास निघाली. तिच्या परीक्षा मोठ्या कठीण असतात असें ऐकतों. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. पण गणित शिकवण्यांत जन्म गेला, आणि हें प्रकरण मुळांत सातवीच्या सरासरीच्या धड्यापलीकडचें नाहीं, अशी माझी समजूत आहे.

मी राहणारा सिल्लोडचा. औरंगाबादेहून, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगराहून, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें हें गांव. लेणीं पाहावयास निघालेल्या मंडळींस मोटारीच्या खिडकींतून कापूस, मका आणि मिरची यांचें रान दिसतें, आणि तेवढ्यांत गांव मागें पडतें. या भागांत कापसाचा धंदा जुना. १८८९ सालीं औरंगाबादेंत सूत व कापडाची गिरणी निघाली. १९०० सालीं मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी गोदावरी खोऱ्याची रेल्वे सुरू झाली, आणि त्या सुमारास औरंगाबाद व जालना या दोन ठिकाणीं मिळून सरकी काढण्याचे नऊ कारखाने व गाठी दाबण्याचे पांच कारखाने चालू झाले. ती रेल्वे आमच्या गांवावरून गेली नाहीं. आतां मात्र सरकी काढणें आणि गाठ बांधणें हीं दोन्हीं कामें आमच्या तालुक्यांतच होतात.

कामाचें स्वरूप थोडक्यांत असें आहे. एक क्विंटल कापसांतून सुमारें ३४ किलो रुई निघते, पासष्ट किलोंच्या आसपास सरकी निघते, आणि उरलेलें धूळ, पालापाचोळा व ओलावा यांत जातें. आपल्याकडील गाठ १७० किलोंची. तेव्हां एका गाठीस पांच क्विंटल कापूस हें प्रमाण ध्यानांत ठेवण्यास सोयीचें आहे. सरकी तेलाच्या गिरणीकडे जाते. तिची आलेली किंमत कापसाच्या किमतींतून वजा घालावी, म्हणजे रुईच्या वांट्यास आलेला मालाचा खर्च मिळतो. घटीचें म्हणाल, तर थोडी घट व्हावयाचीच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठाराच्या अध्यायांत कोणतें धान्य कांडल्यावर किती उरावें याचीं प्रमाणें दिलेलीं आहेत. त्या जातीच्या ठरीव प्रमाणांत बसणारी घट मालाच्या किमतींत सामावून घ्यावी. त्याबाहेरची घट मात्र वहींत वेगळी दाखवावी; ती चांगल्या गाठींच्या माथीं मारली, म्हणजे चोरी आणि हयगय दोन्हीं सरासरींत बुडून दिसेनाशीं होतात.

आतां तो मधला ढीग. त्याचें माप कसें घ्यावें? मास्तरकींतला दाखला देतों. माझ्यापुढें चाळीस उत्तरपत्रिका आहेत आणि प्रत्येकीचे निम्मे प्रश्न तपासून झाले आहेत. सायंकाळीं मुख्याध्यापक विचारतात, "किती झाल्या?" एकही पुरी झालेली नाहीं, म्हणून "एकही नाहीं" असें सांगणें म्हणजे दिवसभराच्या श्रमावर पाणी सोडणें. "चाळीस" म्हणणें तर उघड खोटें. वीस उत्तरपत्रिकांइतकें काम झालें आहे, हें खरें उत्तर. हिशेबाच्या शास्त्रांत या वीसास समतुल्य नग म्हणतात. पण येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. श्रम वीसांचे झाले असले, तरी कागद चाळीसांचा पुरता खर्ची पडलेला आहे. तेंच त्या ढिगाचें. ढिगांत जितक्या गाठींची रुई आहे तितक्या गाठींचा माल पुरता आलेला आहे; मजुरी, वीज, दुरुस्ती इत्यादि प्रक्रियेचा खर्च मात्र अर्धामुर्धाच झालेला आहे. म्हणून मालाचे समतुल्य नग वेगळे मोजावे लागतात आणि प्रक्रियेचे वेगळे.

आणि भारित सरासरी म्हणजे काय, तर ती आपण सगळे जाणतों, फक्त नांवास बिचकतों. एका तुकडींत ६० मुलें आहेत, त्यांची सरासरी ४० गुण. दुसरींत २० मुलें, त्यांची सरासरी ६० गुण. दोन्हीं तुकड्यांची मिळून सरासरी ५० नव्हे, ४५ आहे. कारण जेथें मुलें जास्त तेथलें वजन जास्त. एवढेंच काय तें भारित.

कांहीं वर्षांपूर्वीं, ऐन हंगामांत, माझा एक जुना विद्यार्थी रात्रीं वही घेऊन घरीं आला. आमच्या भागांतील एका कारखान्यांत तो कारकून होता.

"गुरुजी, खर्चाची बेरीज तीनदां तपासली, गाठी दोनदां मोजल्या. तरी गाठीमागें खर्च एवढा फुगतो कसा?"

"मालक काय म्हणतात?"

"ते म्हणतात, गाठी दाबणाऱ्या टोळींत माणसें जास्त झालीं आहेत. सोमवारपासून सहा जणांना येऊं नका म्हणून सांग."

त्याच्या वहींतील आकडे मी येथें सांगत नाहीं. त्याच जातीचे, पण हिशेबास सोपे असे आकडे समजुतीसाठीं घेतों. ज्यांच्याजवळ कागद-पेन्सिल असेल त्यांनीं ते लिहून घ्यावे.

समजा, महिन्याच्या आरंभीं ढिगांत २०० गाठींची रुई होती आणि तिच्यावर प्रक्रियेचें निम्में काम झालेलें होतें. म्हणजे श्रमाच्या मापानें १०० गाठी. त्या अर्ध्या कामापायीं मागील महिन्यांत १,०१,००० रुपये खर्च झाले होते. पुऱ्या गाठीचा दर १,०१० रुपये पडला. या महिन्यांत आणखी ९०० गाठींचा कापूस यंत्रावर चढला. महिनाअखेर ८०० गाठी बांधून झाल्या आणि ढिगांत ३०० गाठींची रुई उरली, तिच्यावरही काम निम्मेंच. या महिन्याचा प्रक्रियेचा खर्च १०,२०,००० रुपये.

मालकांनीं काय केलें? १०,२०,००० ला ८०० नीं भागलें. उत्तर आलें १,२७५. मागील महिन्यांत १,०१० आणि या महिन्यांत १,२७५! गाठीमागें २६५ रुपयांची वाढ पाहून कोणाचेंही डोकें फिरेल, आणि डोकें फिरलें म्हणजे पहिली नजर मजुरावर जाते, ही जगाची रीतच आहे.

आतां नीट मोजूं. बांधलेल्या ८०० गाठी पुऱ्या. ढिगांतील ३०० चें निम्में काम म्हणजे १५०. एकूण समतुल्य गाठी ९५०. त्यांच्यावर झालेला खर्च म्हणजे मागील १,०१,००० आणि या महिन्याचे १०,२०,०००, मिळून ११,२१,००० रुपये. त्यास ९५० नीं भागलें, तर १,१८० येतात. हा भारित सरासरीनें निघालेला प्रक्रियेचा दर. मालाचेंही असेंच. आरंभीच्या २०० गाठींचा माल ४०,००,००० रुपयांचा, या महिन्यांत चढलेल्या ९०० गाठींचा १,९९,८०,००० रुपयांचा. बेरजेस ११०० नीं भागलें कीं २१,८०० रुपये. दोन्हीं मिळून गाठ २२,९८० रुपयांस पडली. ताळा पाहावयाचा असेल, तर ८०० गाठींचे १,८३,८४,००० आणि ढिगाचे ६७,१७,००० मिळवून पाहा. २,५१,०१,००० ही एकूण खर्चाची रक्कम पैसान् पैसा जुळते. ज्या हिशेबाचा ताळा असा जुळत नाहीं त्याच्यावर कोणाची भाकर ठरवूं नये.

पण येथेंच थांबलें तर अर्धेंच सत्य हातीं येतें. १,१८० या दरांत मागील महिन्याची स्वस्ताई मिसळलेली आहे. नुसत्या या महिन्याचें काम पाहावयाचें, तर ९५० मधून आधींच झालेले १०० वजा करावे, ८५० उरतात. १०,२०,००० ला ८५० नीं भागलें, तर १,२०० येतात. म्हणजे खर्च वाढला होता हें खरेंच. पण वाढ २६५ ची नव्हती, १९० ची होती. आणि ती कां झाली? मीं त्या मुलास विचारलें, "ढीग आरंभीं केवढा होता आणि अखेरीस केवढा?" तो म्हणाला, "वाढला, गुरुजी." मग सहा माणसें जास्त कशीं? जिनांतून रुई पडत होती आणि दाबणाऱ्यांस ती पुरी उरकत नव्हती, म्हणूनच ढीग वाढला. टोळी कमी केली असती तर ढीग दालनाबाहेर आला असता. खर्च वाढला होता तो निराळ्या कारणानें. दमट कापूस आल्यामुळें जिनें थांबून थांबून चालत होतीं, आणि यंत्र थांबलें तरी रोजंदारी थांबत नाहीं. कापसांत ८ टक्क्यांहून अधिक ओलावा असला तर भारतीय कापूस महामंडळ भाव कापतें आणि १२ टक्क्यांवर गेला तर कापूस घेतच नाहीं, तें उगीच नव्हे.

तो कागद मालकांपुढें गेला. त्यांनीं तो समजून घेतला हें त्यांचें मोठेपण. टोळी हंगामभर कामावर राहिली. आणि गंमत अशी कीं, पुढील महिन्यांत ढीग उपसला जाऊन गाठी जास्त बांधल्या गेल्या, तेव्हां जुन्या भागाकारानें पाहणाऱ्यास खर्च एकाएकीं उतरलेला दिसला असता. एका महिन्याचा दोष जितका खोटा, तितकेंच दुसऱ्याचें श्रेयही खोटें.

दुसरी जी रीत मीं आतां ओझरती वापरली तिला ‘आधीं आलें तें आधीं गेलें’ असें म्हणतात. तींत जुना माल व नवा माल यांचा खर्च वेगळा ठेवतात. वरील आकड्यांत त्या रीतीनें ८०० गाठींचा खर्च १,८२,६१,००० निघतो आणि ढिगाची किंमत ६८,४०,०००. एकूण तेंच, परंतु १,२३,००० रुपये गाठींच्या खात्यांतून ढिगाच्या खात्यांत सरकले. तेवढ्यानें महिन्याचा नफा जास्त दिसेल. भाव चढते असतां असें होतें, उतरते असतां उलट. आपल्या देशाच्या १९९९ सालीं सुधारलेल्या लेखा-मानकांत या दोन्हीं रीती मान्य आहेत. शेवटीं आलें तें आधीं गेलें, ही तिसरी रीत त्यावेळीं काढून टाकण्यांत आली. मान्य दोन असल्या तरी सोयीप्रमाणें आज ही आणि उद्यां ती, असें करतां येत नाहीं, आणि तें योग्यच आहे.

मग यांतली खरी कोणती? माझें मत विचाराल, तर ढिगाकडे पाहा. १९२५ च्या सरकी-जिनिंग व गाठ-दाबणीच्या कायद्यानें प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालण्याची सक्ती केली होती. गाठीस नंबर देतां येतो. हरएक गाठ कोठली आणि केव्हांची हें सांगतां येतें. पण रुईच्या ढिगास नंबर कसा द्यावा? मागील महिन्याची रुई खालीं, या महिन्याची वर. आणि उपसणारा मजूर ज्या बाजूस फावडें लागेल त्या बाजूनें उपसतो. धागा धाग्यांत मिसळून गेला. कणगींत गेल्या वर्षींच्या जोंधळ्यावर नवा ओतला आणि हालवला, कीं भाकरींत कोणता आला हें गृहिणीस सांगतां येत नाहीं. जेथें माल खरोखर मिसळतो तेथें त्याची किंमतही मिसळावी, यांत मला प्रामाणिकपणा दिसतो. मात्र कामाची परीक्षा करावयाची असेल तेव्हां या महिन्याचा दर वेगळा काढून जवळ ठेवावा. गाठीची किंमत ठरवावयाची सरासरीनें, माणसाचें काम जोखावयाचें त्या त्या महिन्याच्या दरानें.

मिसळण्यासही मर्यादा आहे, आणि येथें हिशेब कारखान्याच्या भिंतींबाहेर शेतकऱ्याच्या अंगणांत येतो. कापूस एकदां वेचून संपत नाहीं. पहिला वेचा दसरा-दिवाळीच्या सुमारास, स्वच्छ आणि लांब धाग्याचा. मग दुसरा, तिसरा. अखेरीस फरदड, आणि तींत कवडीही. चांगला वेचा निवडून, पाला काढून आणणाऱ्या बाईचा कापूस आणि पोत्यांत कसाबसा कोंबून आणलेला कापूस हे दोन्हीं एका सरासरींत घातले, तर तिच्या श्रमाचे पैसे दुसऱ्याच्या हयगयीस मिळतात. सरासरी सारख्या वस्तूंची घ्यावयाची असते. १९७२ सालीं महाराष्ट्रांत कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. ती म्हणजे एका अर्थानें साऱ्या राज्याचा एकच ढीग होता. शेतकऱ्यास खरेदीच्या वेळीं प्रतवारीप्रमाणें ठरलेला भाव मिळावयाचा, आणि सरकी निघून, गाठी बांधून, विकून, सर्व खर्च वजा जातां नफा राहिला तर त्याचा वांटा मागाहून मिळावयाचा. व्यापाऱ्याच्या मर्जीवर न राहतां सर्वांस सारखा भाव, ही कल्पना मला तेव्हांही पटली होती आणि आजही पटते. परंतु तिचा सारा जीव प्रतवारींत होता. केंद्रावर प्रत ठरवणाराचा डोळा सैल पडला, कीं नंतर कागदावर कितीही बिनचूक सरासरी काढली तरी अन्याय काट्यावरच होऊन चुकलेला असतो. पुढें तोटे साठले आणि या शतकाच्या आरंभीं तो एकाधिकार संपला. त्याच्या जमाखर्चाची चर्चा हा निराळा आणि मोठा विषय आहे.

आतां एक शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मतें सर्वांत नाजूक. ढिगावरील काम निम्में झालें असें आपण धरलें. तें निम्में कोणी ठरवलें? वरच्याच उदाहरणांत निम्म्याऐवजीं ऐंशी टक्के काम झालें असें म्हटलें, तर समतुल्य गाठी १०४० होतात आणि दर १,०७८ च्या आसपास उतरतो. वीस टक्केच धरलें, तर गाठी ८६० आणि दर १,३०० च्या वर. ढीग तोच, खर्च तोच, माणसें तींच. केवळ एका टक्केवारीनें कारखाना शहाणा ठरतो किंवा दिवाळखोर. ज्यास भाव पाडून मागावयाचा आहे तो ही टक्केवारी खालीं ओढील, ज्यास कर्जासाठीं बँकेस फायदा दाखवावयाचा आहे तो वर चढवील, आणि वहीच्या बेरजा दोघांच्याही जुळतील.

यास उपाय अवघड नाहीं. सरकी काढण्याचा खर्च आणि गाठ दाबण्याचा खर्च हंगामाच्या आरंभींच वेगवेगळा मांडावा. एकूण प्रक्रियेपैकीं सरकी काढण्यास किती भाग लागतो हें त्यावरून निघतें, आणि ढिगावर झालेलें काम तेवढेंच असतें. तेथें अंदाजास जागा राहत नाहीं. मग राहिलें ढिगाचें वजन. सबंध ढीग कांहीं काट्यावर घालतां येत नाहीं. पण चढलेल्या कापसाचें वजन माहीत आहे, निघालेली सरकी तोललेली आहे, बांधलेल्या गाठी मोजलेल्या आहेत, तेव्हां ठरीव घट वजा घालून उरतें तें ढिगांत असलें पाहिजे. शिवाय लांबी, रुंदी व उंची घेऊन मापानें तें पडताळून पाहतां येतें. हीं दोन उत्तरें फार दूर गेलीं, तर वही मिटण्यापूर्वीं दालनांत जाऊन पाहावें. माझा तो विद्यार्थी आतां दर महिन्याच्या अखेरीस फीत घेऊन ढिगाभोंवतीं फिरतो, आणि मापाच्या कागदावर स्वतःच्या सहीखालीं गाठी दाबणाऱ्या टोळीच्या मुकादमाचीही सही घेतो.